नांदुऱ्याची लाइन

आमच्या गावात फोन आला त्याला चार वर्षं झाली. तो कुठल्या गावाहून यावा, कोणत्या खोलीत बसावा आणि कोणाच्या ताब्यात असावा हे गावानं ठरवलं, असं पंचायतीच्या वहीत लिहिलेलं आहे. त्या ठरवण्यात मी होतो. सगळ्यात मोठा आवाज माझाच होता. म्हणून हे लिहिण्याची जबाबदारीही माझ्यावरच येते. नावं मात्र मी गाळली आहेत. एका नावानं आमच्या घराचं जे केलं तेवढं पुरे आहे.

माझा बाप भाजीपाला पिकवतो. विहिरीच्या भोवती चार एकर, त्यात वांगी, मिरची, मेथी आणि सांबार, म्हणजे पुण्याकडचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात ते. मी लहान असताना बाप बाजारातून परतायचा तेव्हा रिकाम्या टोपलीत जुने कागद घालून आणायचा, पुढच्या खेपेला टोपलीच्या तळाशी अंथरायला. त्यात बहुतेक पत्रकंच असत. कापसाच्या जिनातल्या कामगारांची, शेतमजुरांच्या सभेची, जातिभेद मोडा म्हणणारी, हुंडा घेणाऱ्याला धिक्कारणारी. पातळ, पिवळा, स्वस्त कागद. मी वाचायला शिकलो तो त्या कागदांवर. क्रमिक पुस्तकातली गाय आणि तिचं वासरू मला कधी खरं वाटलं नाही. 'बंधुभगिनींनो, जागे व्हा!' हे मात्र खरं वाटायचं. सोळाव्या वर्षी मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं आणि नांदुऱ्याच्या एका छापखान्यात छापून आणलं. त्यानंतर गावात काहीही झालं की लोक विचारायचे, "काय बे, कागद कवा निघून राह्यला?"

राज्य तेव्हा नवं होतं. पंचायतीच्या पाटीवर जुन्या राज्याचं नाव खरवडून नवं लिहिलं होतं आणि खालचं जुनं अक्षर उन्हात अजून दिसायचं. रस्ता येणार, वीज येणार, दवाखाना येणार, असं दर सभेत सांगत. त्यातला फोन खरंच आला. खात्याचं पत्र आलं की तुमच्या गावाला सार्वजनिक टेलिफोन मंजूर आहे. लाइन नांदुऱ्याहून ओढायची की शेगावहून ते कळवा. खोली कोणती देणार आणि ती सांभाळायला लिहिता-वाचता येणारा माणूस कोण, तेही कळवा.

आमचं गाव दोन्हींच्या मध्ये, रेल्वेपासून आत. ज्या गावाहून लाइन येईल त्या गावाशी बोलणं स्वस्त आणि लगेच. दुसऱ्या गावाशी बोलायचं तर ट्रंक कॉल, म्हणजे नंबर नोंदवायचा आणि अर्धा दिवस बसून राहायचं. कापूसवाल्या मोठ्या शेतकऱ्यांना नांदुरा पाहिजे होतं, कारण त्यांच्या अडती तिथं, भाव तिथं. आम्हा भाजीवाल्यांना शेगाव. तिथल्या धर्मशाळा, खानावळी, प्रसादाचं स्वयंपाकघर यांना रोज भाजी लागते. आज गर्दी किती आहे एवढं सकाळी कळलं तरी आमची वांगी उकिरड्यावर जाणं थांबलं असतं.

चावडीवर तीन सभा झाल्या. सरपंच मोठे जमीनदार, पण बोलायला मऊ. आवाज चढवत नसत. ते म्हणाले, "तुमचं बी बरोबर हाये. पन कापूस गावाचा राजा हाये बापा. वांग्यासाठी कोनी खांब रोवते काय?"

सगळे हसले. आमचा एक म्हातारा भाजीवाला उठून म्हणाला, "राजाले भाजी लागत नाई काय मंग? नुसता कापूस खाते?" तेव्हा आणखी जास्त हसले. पण मतं मोजली असती तर आम्ही हरलो असतो, हे उघड होतं.

तिथं मी सौदा केला. त्या दिवशी तो मला शहाणपणाचा वाटला. सरपंचांना लाइनबरोबर फोनही आपल्या बैठकीत हवा होता. मी उभा राहून म्हणालो की बैठकीच्या पायऱ्या गावातली बाई चढत नाही आणि बौद्धवाड्यातल्या माणसाला कोणी चढू देत नाही. सार्वजनिक फोन तिथं ठेवणं म्हणजे सरकारनं सरपंचांना भेट दिल्यासारखं आहे. तेव्हा लाइन नांदुऱ्याची घ्या, आम्ही शेगाव सोडतो. पण खोली रस्त्याकडची, जुन्या शाळेची. आणि माणूस आम्ही देऊ.

"मानूस कोन?" सरपंचांनी विचारलं.

"मायी अक्का," मी म्हणालो.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सातवीची फायनल पास. त्या काळी आमच्या गावात फायनल झालेल्या बायका दोनच होत्या. तिचं लग्न नांदुऱ्याला एका अडत दुकानातल्या दिवाणजीशी झालं. दोन वर्षं नांदली. मग त्यानं दुसरी बाई घरात आणली आणि अक्काला दिवाळीला म्हणून माहेरी आणून सोडलं, ते न्यायला आलाच नाही. पाच वर्षं झाली होती. तिकडून अधूनमधून निरोप यायचा की यायचं असेल तर येऊ दे, पडेल ते काम करावं लागेल, दुसरीच्या हाताखाली राहावं लागेल. बाप आता थकला होता. मळ्यात तिला पोसणं जड नव्हतं, तिला गावाच्या नजरेत पोसणं जड होतं. त्यानं सांगून टाकलं होतं, "दिवाईपर्यंत पाह्यतो. मंग धाडून देतो." फोन सांभाळणाऱ्याला खातं महिन्याचं मानधन देणार होतं. तेवढं मिळालं की अक्काला कोणाच्या हाताखाली जाण्याची गरज नव्हती. बापानंही कबूल केलं होतं, "नोकरी लागली तं मी काऊन धाडू? मंग ते माया पोरावानी झाली."

सरपंच थोडा वेळ सुपारी चघळत राहिले आणि म्हणाले, "बरं. खात्याच्या साहेबानं पास केलं तं मले काय हरकत?"

आमचे भाजीवाले कुरकुरले. शेगाव हातचं गेलं होतं. पण मी त्यांना पटवलं. निदान फोनवर माणूस आपलं असेल.

खांब रोवले जात होते तेव्हा आम्ही सराव केला. पितळेचा रिकामा गडवा कानाला लावून अक्का ओट्यावर बसायची. मी ऑपरेटर व्हायचो. फोन कसा चालतो ते मी नांदुऱ्याच्या पोस्टात पाहून आलो होतो. दांडा फिरवायचा, कानाला लावायचं, "हॅलो नांदुरा" म्हणायचं, नंबर सांगायचा आणि ज्याला बोलवायचं त्याचं नाव सांगायचं. त्या माणसाला बोलवून आणत, तोवर लाइन धरायची. मग वहीत नोंद. अक्का दोन दिवसांत सगळं शिकली. गावातल्या यच्चयावत माणसांची नावं तिनं गडव्यात बोलून दाखवली, आडनावांसकट, आणि त्यांच्या नकलाही केल्या. आई हसून हसून डोळे पुसायची. पाच वर्षांत ओट्यावर एवढं हसू झालं नव्हतं. जे नाव आमच्या घरात कोणीच घेत नव्हतं ते सरावातही कोणाच्या तोंडी आलं नाही. आम्हाला ते सुचलंसुद्धा नाही.

खांब गावाच्या शिवेत आले तेव्हा बोलणं सुरू झालं. टाकलेली बाई, रस्त्यावरची खोली, दिवसभर पुरुषांचं येणं-जाणं. पारावर कोणीतरी म्हणालं, "फोन नवऱ्याले करंल का आनखी कोनाले, कोन पाह्याले जाते?" हे माझ्या कानावर आलं आणि मी जे नेहमी करतो तेच केलं. एका बैठकीत पत्रक लिहिलं. दुसऱ्या दिवशी छापून आणलं आणि गावात घरोघर वाटलं.

त्या पत्रकात पुष्कळ चांगलं होतं. स्त्रीनं कमावण्याचा हक्क होता, सार्वजनिक वस्तू सार्वजनिक राहण्याबद्दल होतं. पण तेवढ्यानं लोकांची तोंडं बंद होणार नाहीत हे मला ठाऊक होतं. म्हणून शेवटी मी लिहिलं: 'पतीने टाकले तरी पाच वर्षांत जिने त्याचे नाव जिभेवर येऊ दिले नाही, अशा साध्वीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणाऱ्यांनो, शरम धरा!'

नवऱ्याचं नाव न घेण्याच्या रूढीवर मी सोळाव्या वर्षी एक अख्खं पत्रक काढलं होतं. त्याला गुलामी म्हटलं होतं. आता तीच गुलामी मी बहिणीच्या चारित्र्याचा दाखला म्हणून छापली, कारण गावाला ती भाषा कळते हे मला माहीत होतं. आणि ती कळली. पारावरचं बोलणं थांबलं. बाया अक्काला विहिरीवर म्हणाल्या, "तुया भावानं बरं लिवलं वं माय." अक्कानं पत्रकाची घडी घालून पेटीत ठेवली. मला वाटलं, अभिमानानं ठेवली.

फोन बसला त्या दिवशी शाळेच्या जुन्या खोलीत आणि बाहेर ही गर्दी. पुरुष आत, बाया दारात आणि खिडकीशी. काळा, जड, बाजूला दांडा असलेला तो फोन टेबलावर होता. त्याला हळदकुंकू लावलं होतं. खात्याचा साहेब अकोल्याकडून आलेला, घाईत होता. म्हणाला, "मला बाई काय, पुरुष काय, सारखंच. एक फोन लावून दाखवा, वहीत नोंद करा, मी सही करून मोकळा. कोणाला लावायचा बोला."

मी पुढे होणार तेवढ्यात सरपंच म्हणाले, "पयला फोन गावाच्या कामाचाच लावू साहेब. कापसाचा आजचा भाव इचारू." आणि त्यांनी नांदुऱ्याच्या त्या अडत दुकानाचा नंबर सांगितला. मग अक्काकडे पाहून, अगदी मऊ आवाजात, "आमचा भाव तिथले दिवाणजीच सांगतात. त्याहिलेच बोलाव पोरी."

ते दिवाणजी अक्काचे कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबाला तेवढं ठाऊक नव्हतं.

अक्कानं दांडा फिरवला. "हॅलो नांदुरा," ती म्हणाली आणि नंबर सांगितला. त्या फोनचा आवाज इतका मोठा होता की टेबलाजवळच्या आम्हा सगळ्यांना पलीकडचं ऐकू येत होतं.

"कोणाला बोलवायचं? नाव सांगा."

"तिथल्या दिवाणजीले," अक्का म्हणाली.

"तिथं तीन दिवाणजी आहेत बाई. नाव सांगा."

"जे... जे कापसाचं पाह्यतात, ते."

"अहो नाव सांगा ना! माझ्याकडं दुसरी लाइन खोळंबली आहे."

मागून एक म्हातारा ओरडला, "उखाना घे वं पोरी! लग्नात तं मोठ्यानं घेतला होता!" आणि जे हसू दाबून धरलं होतं ते सगळं फुटलं. खिडकीतल्या बाया मात्र हसत नव्हत्या. त्यातली एक घाईघाईनं म्हणाली, "घेऊ नको वं माय, घेऊ नको."

आणि मी काय केलं? मी ओरडलो, "घे ना अक्का! घे नाव! काय होते त्यानं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग सरपंचांकडे. सरपंचांनी सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढून हातात धरला होता. स्वस्त, पिवळा. माझं पत्रक. त्यांनी तो उलगडला नव्हता, वाचलाही नव्हता. नुसता धरला होता.

पलीकडून खट्ट आवाज आला. ऑपरेटरनं लाइन तोडली होती. अक्कानं फोन जागेवर ठेवला आणि पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"हसू नका रे," सरपंच म्हणाले, आणि आता त्यांनी कागद उलगडला. "याले संस्कार म्हनतात. ह्या पत्रकात खोटं नाई लिवलं. पाच वर्स झाले, जिभेवर नाव नाई." त्यांनी माझी ओळ मोठ्यानं वाचून दाखवली, शेवटच्या 'शरम धरा'पर्यंत. "पन साहेब, फोनचं काम तं नावाचंच हाये. आज नवऱ्याचं निघालं. उद्या सासऱ्याचं निघंल, परवा जेठाचं. ही माउली कोनाकोनाचं नाव टायंल? तिच्या धर्मात आपन काऊन आडवं यावं?"

माना डोलल्या. माझ्याच बाजूच्या लोकांच्याही डोलल्या. साहेबानं घड्याळ पाहिलं. "दुसरं कोणी आहे का लिहिता-वाचता येणारं?"

होतं. सरपंचांचा पुतण्या होता. तो दारातच उभा होता, इस्त्रीचा सदरा घालून. त्यानं दांडा फिरवला, नंबर सांगितला, आणि अक्काच्या नवऱ्याचं पूर्ण नाव असं खणखणीत घेतलं की खिडकीतल्या बायांनी तोंडावर पदर धरले. भाव कळला. टाळ्या झाल्या.

मला तिथं अजून बोलायचं होतं. नियम, सभेतला ठराव, शब्द. पण बापानं माझा दंड धरला आणि म्हणाला, "चाल घरी. लय झालं तुयं."

दुपारी विहिरीवर मी अक्काला गाठलं. माझा संताप तिच्यावरच निघाला. हे लिहायला आज लाज वाटते, पण निघाला. "काऊन नाई घेतलं? एक नाव! त्या माणसानं तुले टाकलं, अन् तू त्याचं नाव राखून राह्यली?"

ती मेथीच्या जुड्या धूत होती. "मले घेता येते नाव," ती म्हणाली. "इथं विहिरीवर कोनी नसलं का मी कितीक डाव घेतलं. शिव्या देऊन घेतलं."

"मंग?"

"मंग काय? तूनंच तं छापलं." तिनं जुडी झटकली. "नाई घेतलं तं फोन जाते. घेतलं असतं तं तुया कागद खोटा झाला असता, अन् कागदासंगं मी. म्हनले असते, पाह्य, आज नाव घेतलं, उद्या काय करंल. सरपंचाच्या हातात कागद होता, तुले दिसला नाई काय? तो कागद मले बी दिसून राह्यला होता."

मी म्हणालो, मी तुझ्या भल्यासाठी लिहिलं होतं.

"हाव. मले इचारून लिवलं असतं तं म्या ते ओळ काढाले लावली असती."

पुढच्याच महिन्यात पावसानं शाळेची खोली गळते असं कारण निघालं आणि फोन सरपंचांच्या बैठकीत गेला. तो तिथंच आहे. आमच्या भाजीवाल्यांनी मला बरेच दिवस सोडलं नाही. शेगाव गेलं, खोली गेली, माणूसही गेलं. जो म्हातारा सभेत कापसाच्या राजावर बोलला होता तो मला बाजारात म्हणाला, "पुढच्या डाव पत्रक काढशीन तं दोनशे जास्त काढ बे. टोपलीच्या तयाले लागतात."

इथवर लिहून मी गेल्या महिन्यात अक्काला वाचून दाखवलं, नांदुऱ्याच्या बाजारात, आमच्या टोपल्यांमागे बसून. मला वाटलं होतं, लेख पुरा झाला. तिनं पूर्ण ऐकलं. म्हणाली, "सरपंचाचं बराबर लिवलं. पन अर्धंच लिवलं. उंबऱ्याचं लिही."

म्हणून पुढचं लिहितो.

दिवाळी झाली. बापानं निरोप धाडला आणि तिचा नवरा तिला न्यायला आला. पाच वर्षांनी, हातात फळांची पिशवी घेऊन. एसटीच्या थांब्यावर बऱ्याच लोकांसमोर मी त्याला सांगितलं की माझ्या बहिणीला दुसरीच्या हाताखाली नेणाऱ्या माणसाच्या उंबऱ्याला मी जन्मात पाय लावणार नाही. त्यानं तिची पेटी वर चढवायला घेतली, पण ती म्हणाली, "पेटी राहू द्या इथं," आणि एक गाठोडं घेऊन गेली. माझं बोलणं लोकांना आवडलं. तत्त्वाचा माणूस, असं कोणीतरी म्हणालं.

चार-पाच महिन्यांनी एका दुपारी सरपंचांच्या पुतण्यानं माणूस पाठवला की नांदुऱ्याहून फोन आहे, मला बोलावलं आहे. मी बैठकीच्या पायऱ्यांशी चपला काढल्या आणि प्रथमच आत गेलो. पुतण्या शेजारीच बसून राहिला.

"मी बोलून राह्यली," अक्का म्हणाली. अडत दुकानातूनच बोलत होती. नवऱ्याचा डबा घेऊन गेली होती आणि दुकानात नेमकं कोणी नव्हतं. "मायं फायनलचं सर्टिफिकेट पेटीत हाये, लाल फडक्यात बांधलं. ते आनून दे. इथं बालवाडीत बाई पाह्यजे. महिनाअखेरपर्यंत कागद देनं हाये."

"घरी माहीत हाये?"

"त्याले नाई माहीत." आणि तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. त्याचं, त्याच्या बापाचं, आडनाव. सहज, जसं भाजीचं नाव घ्यावं तसं.

मी चकित झालो. "नाव घेतलं तू?"

"घेते आता. इथं कोनाले काय पडलं हाये? इथं माया कोनी कागद काढला नाई." मग तिचा आवाज खाली आला. "तू दुपारून ये. दोनपर्यंत तो दुकानात राह्यते. दारातूनच देऊन जा."

मी म्हणालो, "पाठवतो."

ती म्हणाली, "बरं. अन् हे पाह्य, याच्यावर काही छापू नको."

सर्टिफिकेट पेटीत होतं, तिनं सांगितलं तसंच, लाल फडक्यात. त्याच्याखाली माझं पत्रक होतं, तसंच घडी घातलेलं. मी सर्टिफिकेट पाकिटात घातलं. त्या घरी जाणं मला शक्य नव्हतं. मी सगळ्यांसमोर बोललो होतो. त्या पत्त्यावर अक्काला कोणी ओळखत नसणार म्हणून पाकिटावर तिच्या नावाखाली 'मार्फत' असं लिहून मी स्वतःच्या हातानं तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलं. रजिस्टर केलं, पोचपावतीसहित, म्हणजे गहाळ व्हायची भीती नको. पोस्टातून बाहेर पडताना मला आपण व्यवस्थित काम केल्यासारखं वाटलं.

महिना संपला. बाप बाजाराहून आला आणि टोपली उतरवता उतरवता म्हणाला, "पोरगी भेटली होती. इचारून राह्यली, कागद काऊन नाई धाडला म्हने. बालवाडीत दुसरी बाई लागली."

मी म्हणालो, धाडला, कधीच धाडला. आणि पुरावा म्हणून कोनाड्यातली पोचपावती काढून बापाच्या पुढे केली. ती आठवड्यातच परत आली होती. मी ती तेव्हा पाहिली होती, पण नुसती सही आहे एवढंच पाहिलं होतं. आता वाचली. घेणाऱ्याच्या जागी सही होती, दिवाणजीच्या वळणदार, सुंदर अक्षरात. पूर्ण नाव, त्याच्या बापाच्या नावासकट.

बापाला वाचता येत नाही. त्यानं ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "काय लिवलं हाये?"

मी त्याला नाव वाचून दाखवलं.

ते कार्ड मी पेटीत ठेवलं आहे, त्या लाल फडक्यात. आमच्या गावाहून नांदुरा एसटीनं पाऊण तास आहे.